तक्रारीचा रकाना

कारखान्याच्या प्रथमोपचार खोलीत मी एकवीस वर्षं काम केलं. सगळे मला सिस्टर म्हणायचे, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे असलेले फिटरमामासुद्धा. खोलीत एक खाट, औषधांचं कपाट, रक्तदाबाचं यंत्र, भिंतीला टेकवलेलं स्ट्रेचर आणि टेबलावर एक लांबट वही. वहीला सात रकाने: तारीख, वेळ, टोकन नंबर, विभाग, तक्रार, दिलेलं औषध, सही. तक्रारीचा रकाना जेमतेम तीन बोटं रुंद. त्यात ‘डोकेदुखी’ बसते, ‘कंबरदुखी’ बसते. ‘छातीत धडधड’ लिहायचं तर अक्षर बारीक काढावं लागतं. त्याहून जास्त त्यात काही मावत नाही.

पहिली काही वर्षं मीही तेवढंच लिहिलं. माणूस आला, काय होतंय विचारलं, गोळी दिली, सही घेतली. बोट चेचलं, डोळ्यात कण गेला, भाजलं, की त्याचा वेगळा फॉर्म असायचा, चौकशी व्हायची, साहेब लोक खोलीत यायचे. बाकी सगळ्याला ‘किरकोळ’ म्हणायची पद्धत होती. आणि वही भरायची ती किरकोळ दुखण्यांनीच.

एकदा जुन्या वह्या कपाटात लावताना पानं चाळली गेली. काही तारखांची पानं दाट होती, काहींची विरळ. दाट पानांच्या तारखा पाहिल्या तर बहुतेक महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातल्या. हे डिस्पॅचचे, म्हणजे तयार माल गिऱ्हाइकाकडे रवाना करायचे दिवस. महिन्याच्या सुरुवातीला कधी कच्चा माल आलेला नसतो, कधी मशीन बिघडलेलं असतं, कधी ऑर्डरच पक्की नसते, आणि राहिलेलं सगळं टार्गेट शेवटच्या आठ-दहा दिवसांच्या मानगुटीवर येऊन बसतं. त्या दिवसांत पित्त, चक्कर, मान धरणं, कपाळ ठणकणं, झोप न येणं. साथीचा रोग म्हणावा तर तो दर महिन्याला ठरल्या तारखेला येऊन पहिल्या तारखेला कसा ओसरेल?

तेव्हापासून मी समासात पेन्सिलने लिहायला लागले. गोळी देता देता विचारायचे, आत्ता कुठल्या मशीनवर होतात? ही कितवी पाळी? आज लाईनवर काय झालं? ‘सलग दुसरी पाळी.’ ‘जोडीदार रजेवर, दोन्ही मशीन एकट्याकडे.’ ‘रिजेक्शनवरून सगळ्यांसमोर बोलले.’ ‘मुलगी आजारी, सुट्टी नाकारली.’ पेन्सिल अशासाठी, की कोणी आक्षेप घेतलाच तर खोडता यावं. भीती मलाही होती.

खूप नंतर कळलं की हा प्रश्न तीनशे वर्षं जुना आहे. बर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाचा इटालियन वैद्य मोदेना शहरात शिकवायचा. त्याच्या घरचा शौचकूप उपसायला आलेला माणूस जीव खाऊन भराभर काम करत होता. रामाझ्झिनीने विचारलं, एवढी घाई कशाला? तो म्हणाला, इथे जास्त वेळ थांबलं तर डोळे जातात. त्या उत्तराने वैद्य हलला. कामगारांच्या कामाच्या जागी जाऊन त्याने पाहिलं, त्यांच्याशी बोलला, आणि १७०० साली निरनिराळ्या धंद्यांतल्या आजारांवर त्याने ग्रंथ छापला. इतर वैद्यांना त्याने सुचवलं की रोग्याला नेहमीचे प्रश्न विचाराल तेव्हा त्यात आणखी एक घाला: तू काम काय करतोस? माझ्या वहीत तो प्रश्न नव्हता. विभागाचा रकाना होता, पण ‘असेंब्ली’ एवढं लिहिल्याने तिथे आठ तास हाताचं काय होतं ते कळत नाही.

असेंब्लीतला एक तरुण होता. तिशीही उलटली नव्हती. हवेवर चालणाऱ्या स्क्रूड्रायव्हरने मिनिटाला तीन पीस, प्रत्येक पीसला चार स्क्रू. तो खोलीत आला आणि तक्रारच सांगेना, नुसता उभा. माझं लक्ष त्याच्या शर्टाकडे गेलं. वरचं बटण उघडं, खालचं चुकीच्या काजात. मी म्हटलं, “दादा, बटण चुकलंय.” तो लावायला गेला आणि लागेना. अंगठा नि तर्जनी बटणावरून घसरत होती, त्यांना बटण सापडतच नव्हतं. मग मान खाली घालून म्हणाला, “सिस्टर, रात्री हाताला मुंग्या येतात. उठून हात झटकला की जरा बरं वाटतं. सकाळी बायको बटणं लावून देते. आज ती लवकर कामावर गेली.”

मी त्याचा हात हातात घेऊन एकेक बोट चाचपलं. अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर. करंगळी शाबूत. मनगटात हाडं आणि एक जाड पट्टा यांच्यामधून अरुंद बोगदा जातो. बोटं मिटणाऱ्या नऊ कंडरा आणि एक नस, एवढी सगळी वाहतूक त्यातून. कंडरांभोवती सूज आली की बोगदा काही रुंद होत नाही, चेपली जाते ती नस. करंगळीची नस दुसऱ्या वाटेने जाते म्हणून ती वाचते. डॉक्टर या आजाराला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. एकच हालचाल पुन्हा पुन्हा, जोराची पकड, वाकवलेलं मनगट आणि हातात थरथरणारं यंत्र, यांनी तो जडतो.

इथपर्यंत हा मनगटाचा आणि यंत्राचा हिशेब झाला. पण समासात लिहायचं म्हणून मी नेहमीचे प्रश्न विचारले. दोन महिन्यांपूर्वी त्याच्या स्टेशनवरून गेलेला एक लॉट गिऱ्हाइकाकडून परत आला होता. तेव्हापासून सुपरवायझर दिवसातून चार वेळा त्याच्या पाठीशी येऊन उभे राहायचे. बोलायचे काहीच नाहीत, नुसते उभे. “ते मागे असले की यंत्र हातातून निसटेल असं वाटतं, सिस्टर. मग मी जास्त घट्ट धरतो.”

एका माणसावरून मी नियम काढत नाही. पण भीती वाटली की मूठ आवळते, खांदे कानाशी जातात, दात दाबले जातात, हे प्रत्येकाला स्वतःवरून माहीत आहे. स्नायूंचे विद्युत आलेख घेणाऱ्या संशोधकांनी हेही पाहिलं आहे की डोक्यावर ताण असला की हाताला काही उचलायचं नसतानाही खांद्याचा स्नायू सैल पडत नाही. स्क्रू तेवढेच, यंत्र तेच, पण भ्यालेल्या हाताला ते जास्त जड पडतं. पाच मिनिटांच्या सुट्टीतही तो स्नायू ड्यूटीवरच असतो.

त्या दिवशी मी त्याला वेदनाशामक गोळी दिली. दुसऱ्या दिवशीही दिली. ही गोष्ट लिहिताना मला अजून वाईट वाटतं, आणि ती लिहिल्याशिवाय हा लेख खरा होणार नाही. प्रथमोपचार खोलीत सगळ्यात जास्त काय खपत असेल तर ते डायक्लोफिनॅक ही वेदनाशामक गोळी आणि पित्ताची गोळी. लोक पाळी सुरू व्हायच्या आधीच यायचे. “सिस्टर, दुखायला लागायच्या आधीच द्या, मग सुट्टीपर्यंत यायला जमत नाही.” मी द्यायचे. माणसाला बरं वाटावं आणि त्याचा दिवस मोडू नये, एवढंच मनात असायचं.

ताण हा शब्द शरीराच्या संदर्भात ज्याने रूढ केला त्या हान्स सेल्येने १९३६ साली उंदरांवरचे प्रयोग छापले. थंडी, जखम, अतिश्रम, विषार, त्रास कुठलाही दिला तरी उंदरांच्या शरीरात त्याच तीन गोष्टी दिसत होत्या: मूत्रपिंडांवरच्या अॅड्रिनल ग्रंथी वाढलेल्या, प्रतिकारशक्ती घडवणारी थायमस ग्रंथी आकसलेली आणि जठरात व्रण. त्यामुळे ‘टेन्शनने अल्सर होतो’ हे वाक्य घरोघर पोचलं. पुढे बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी दाखवून दिलं की माणसांतल्या बऱ्याच अल्सरांमागे हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जिवाणू असतो. २००५ चं नोबेल त्यांना मिळालं. अल्सरचं दुसरं मोठं कारण म्हणजे वेदनाशामक गोळ्या. त्या जठराचं अस्तर सोलतात, मूत्रपिंडांवर भार टाकतात, आणि कित्येकांचा रक्तदाब वाढवतात. ही वाट माझ्याच टेबलावरून जात होती. धाकाने मान आखडली, मानेसाठी गोळी, गोळीने पोटात आग, आगीसाठी दुसरी गोळी, आणि महिन्यांनी कधीतरी रक्तदाब मोजला तर तो वर. वहीत या चार वेगळ्या तक्रारी होत्या, चार वेगळ्या तारखांना. माणूस एकच होता.

त्या तरुणाला तिसऱ्या दिवशी मी गोळी दिली नाही. डॉक्टरांकडे चिठ्ठी देऊन पाठवलं आणि तो माझ्यावर रागावला. त्याचा राग रास्त होता. त्याला त्या दिवशी हात चालायला हवा होता.

‘कामाचा ताण’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे जास्त काम येतं. माझ्या वहीने मला वेगळं शिकवलं. टूलरूममधले, म्हणजे डाय (पत्र्याला आकार देणारे साचे) घडवणारे कारागीर दिवसभर डोकं खुपसून काम करायचे, वेळप्रसंगी रात्री थांबायचे, आणि माझ्याकडे कमी यायचे. डाय कशी बसवायची, आधी काय घ्यायचं, कुठे थांबून पुन्हा माप घ्यायचं, हे ते ठरवायचे. प्रेसवरचा माणूस काहीच ठरवत नाही. यंत्र वर जातं, पत्रा सरकवायचा, यंत्र खाली येतं. वेग ठरलेला, क्रम ठरलेला, थांबायची वेळ ठरलेली.

रॉबर्ट करासेक या अमेरिकन अभ्यासकाने १९७९ साली नेमकं हेच मांडलं होतं. कामाची मागणी जबर आणि ते काम कसं करावं यावर हातातला अधिकार अगदी थोडा, ही जोडी माणसाला खाते. मागणी मोठी असूनही अधिकार असेल, तर तेच काम माणसाला शिकवतं, वाढवतं. २०१२ साली युरोपातले तेरा अभ्यास, जवळजवळ दोन लाख नोकरदार माणसं, एकत्र करून पाहिली गेली. अशा कोंडीतल्या नोकरीत असलेल्यांना हृदयविकाराचा धोका इतरांपेक्षा सुमारे २३ टक्के जास्त निघाला. धूम्रपानाशी तुलना केली तर हा आकडा लहान आहे, हे मान्य. पण धूम्रपान माणूस सोडू शकतो. प्रेसचा वेग तो कमी करू शकत नाही. जर्मनीच्या योहान्नेस सीग्रिस्टनी १९९६ मध्ये आणखी एक बाजू दाखवली: ओतलेले कष्ट आणि पदरात पडणारं, म्हणजे पगार, मान, नोकरीची शाश्वती, यांचा मेळ बसला नाही की हृदयावर त्याचा भार येतो. मान हा शब्द त्या यादीत आहे हे वाचून मला बरं वाटलं. समासातल्या माझ्या पेन्सिलीच्या नोंदींत ‘सगळ्यांसमोर बोलले’ हे किती वेळा आलं होतं!

अधिकार म्हणजे काय, हे मला सगळ्यात उघडं दिसलं ते बाथरूमच्या बाबतीत.

लाईनवरून उठायचं तर रिलीव्हर लागतो. आपल्या जागी तो उभा राहिला तरच आपण जायचं. तीस-पस्तीस जणांच्या लाईनला एक रिलीव्हर, आणि कोणी गैरहजर असलं की तोही स्टेशनवर अडकलेला. मग हात वर करायचा, लाईन लीडरची नजर जाईपर्यंत थांबायचं, तो ‘पाच मिनिटांत’ म्हणणार, आणि पाच मिनिटांची चाळीस होणार. वायरिंगच्या लाईनवर सगळ्या बायका. त्यांच्या नावापुढे लघवीची जळजळ, ताप, ओटीपोटात दुखणं, असं वारंवार यायला लागलं तेव्हा मी एकीला बसवून विचारलं. ती म्हणाली, “सकाळी उठल्यापासून पाणीच पीत नाही ना आम्ही. प्यायलं की जावं लागतं. जायचं म्हणजे त्यांना सांगावं लागतं. दर महिन्याच्या त्या दिवसांत तर नकोच वाटतं.”

पत्र्याच्या छपराखाली, घाम निथळत असताना, पाणी न पिता आठ तास. लघवी घट्ट होते, जंतूंना मोकळं रान मिळतं, खडे धरायला पोषक परिस्थिती तयार होते, अंगात पाणी कमी पडल्याने डोकं दुखतं, थकवा येतो. या सगळ्यावर औषध काय, तर पाणी. आणि पाणी पिणं त्यांच्या हातात नव्हतं. प्रौढ बाईने, घरात मुलांना वाढवणाऱ्या, सगळा संसार हिमतीने ओढणाऱ्या बाईने, लघवीला जाऊ का म्हणून हात वर करायचा. तिच्या शरीराच्या सगळ्यात साध्या हाकेची किल्ली दुसऱ्याच्या खिशात. यातून काय आजार होतात ते मी सांगू शकते. यातून मनाचं काय होतं ते मोजायचं यंत्र माझ्या खोलीत नव्हतं.

मी वर जाऊन बोलले. मला सांगण्यात आलं, “सिस्टर, त्यांना पाणी प्यायला सांगा, आरोग्यावर एक छोटं भाषण ठेवू.” भाषण ठेवलंही. ताणमुक्तीचंही एक झालं. बाहेरून आलेल्या गृहस्थांनी श्वास कसा घ्यावा ते शिकवलं, चांगलं शिकवलं, श्वासाने नाडी खरंच शांत होते. पण त्या तासाचं बुडालेलं उत्पादन दुसऱ्या दिवशी भरून घेतलं गेलं, आणि मला फार राग आला. ‘टेन्शन घेऊ नका’ हे वाक्य मला तेव्हापासून सोसत नाही. जणू टेन्शन फाटकापाशी ठेवलेलं असतं आणि माणूस आत येताना ते उचलून घेतो.

आवाजाचं थोडक्यात सांगते. ८५ डेसिबलच्या आवाजात आठ तास ही मर्यादा मानली, तर दर ३ डेसिबलला सोसण्याची वेळ निम्मी होते. ८८ ला चार तास, ९१ ला दोन. प्रेस शॉपमध्ये शेजाऱ्याशी बोलायला त्याच्या कानाशी तोंड न्यावं लागायचं. कान जातात हे सगळ्यांना ठाऊक असतं. सततच्या मोठ्या आवाजाने रक्तदाबही चढतो, हे फार कमी जणांना माहीत असतं.

रात्रपाळीवर मात्र मला थांबायचं आहे, कारण ती मीही केली. पहिल्या पाळीचा एक आठवडा, दुसरीचा एक, तिसरीचा एक. मेंदूच्या तळाशी, डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर, पेशींचे दोन चिमुकले पुंजके आहेत. शरीराचं मुख्य घड्याळ तिथे चालतं आणि ते उजेडावर लावलेलं असतं. पेशींच्या आतलं हे घड्याळ कसं चालतं ते उलगडणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना २०१७ चं नोबेल मिळालं. हे घड्याळ आठवड्याच्या हुकमाने फिरत नाही. ते जरा वळायला लागतं तोवर पाळी बदलते. रात्री आतडी मंद असतात, तेव्हा आपण जेवतो. इन्सुलिनचा जोर कमी असतो, तेव्हा साखर रक्तात जास्त रेंगाळते. निरोगी माणसाचा रक्तदाब रात्रीच्या झोपेत दहा ते वीस टक्के उतरतो, हृदयाला तेवढीच उसंत. रात्री जागून काम करणाऱ्याला ती मिळत नाही आणि दिवसाची झोप तुटक, तास-दोन तासांनी कमी. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००७ साली, आणि २०१९ मध्ये पुन्हा, रात्रपाळीला ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात ठेवलं आहे.

पहाटे साडेतीन ते पाच ही वेळ सगळ्यात वाईट. त्या वेळी माझ्या खोलीत कापलेली बोटं यायची. सलग सतरा तास जागं असलेल्या माणसाचा हात आणि लक्ष रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतकं ढिलं पडतं, हे १९९७ साली मोजून दाखवलं गेलं आहे. रात्री अकराला कामावर येणारा माणूस दिवसा झोपलेला असतोच असं नाही. मुलांची शाळा, आजारी आईवडील, पत्र्याचं तापलेलं घर. म्हणजे तो फाटकातून आत येतानाच बारा-तेरा तास जागा असतो.

पाळ्या फिरवायच्याच असतील तर सकाळ, मग दुपार, मग रात्र असा पुढे सरकणारा क्रम शरीराला कमी जड जातो. उलटा क्रम जास्त त्रास देतो. आमच्याकडे कित्येक वर्षं उलटा होता. का, ते कोणालाच माहीत नव्हतं. कोणीतरी कधीतरी तक्ता केला होता.

आणि ओव्हरटाइम. लोक मागून घ्यायचे, हे खरं आहे. मूळ पगारात घर भागत नसेल तर माणूस मागणारच. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तासवाल्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मरण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो. एकट्या २०१६ सालात अशा लांबलेल्या कामाच्या तासांपायी जगभरात अंदाजे ७ लाख ४५ हजार माणसं गेली. मी हा आकडा वाचला तेव्हा मला आकडा दिसलाच नाही, सह्या दिसल्या. वहीच्या शेवटच्या रकान्यातल्या, घाईत केलेल्या.

बदल होत नाहीत असं नाही. त्या बटणवाल्या तरुणाच्या लाईनवर मेंटेनन्सच्या एका मामांनी स्क्रूड्रायव्हर स्प्रिंगच्या बॅलन्सरला वरून टांगून दिला. यंत्राचं वजन हातावरून गेलं. पुढे नव्या लाईन लीडरने दर दोन तासांनी स्टेशनं बदलायची मुभा दिली, आणि ती बदलायची कशी हे पोरांनाच ठरवू दिलं. त्या लाईनवरून मनगटाच्या तक्रारी विरळ झाल्या. टोयोटाच्या कारखान्यांत लाईनवरच्या दोरीची पद्धत प्रसिद्ध आहे: काही बिनसलं की कोणीही दोरी ओढावी, टीम लीडरने धावत यावं, आणि ठरल्या वेळात सुटलं नाही तर लाईन थांबावी. आमच्याकडेही प्रत्येक खांबावर लाल बटण होतं. पण दाबणाऱ्याला ‘का दाबलं’ हे इतक्या वेळा विचारलं गेलं होतं की त्यांवर धूळ बसली होती. बटण असणं वेगळं आणि ते दाबून ताठ मानेने उभं राहता येणं वेगळं.

कंत्राटी पोरं तर माझ्या खोलीत यायचीच नाहीत. ‘उद्यापासून येऊ नको’ हे एवढं सोपं असताना कोण दुखणं नोंदवणार? त्यांच्यासाठी मी कधी कधी पट्टी खिशात घालून शॉपमधून फेरी मारायचे.

आणि जे यायचे त्यांच्यातही एक वाक्य मी अनेकदा ऐकलं: “सिस्टर, वहीत लिहू नका.”

प्रेस शॉपमधला एक ऑपरेटर एका रात्री आला. चाळिशीतला, कधीही न येणारा माणूस. डोकं जड झालंय म्हणाला, डोळ्यांपुढे काजवे चमकतात. मी रक्तदाब घेतला, पाच मिनिटं पडून राहायला सांगितलं, पुन्हा घेतला. तेवढाच. तो पडला होता पण त्याचं लक्ष भिंतीकडे. भिंतीपलीकडून प्रेसचे ठोके येत होते. मधेच म्हणाला, “माझ्या मशीनवर नवीन पोरगा उभा केलाय. ठोके लांबलेत बघा.” बंद भिंतीतून, दहा-बारा प्रेसच्या आवाजातून, तो आपल्या एका प्रेसचा ठोका ओळखत होता आणि मागे पडणारे पीस मोजत होता. हाताला बांधलेला पट्टा तसाच, त्याची बोटं खाटेच्या कडेवर त्या ठोक्यांबरोबर हलत होती.

मी म्हटलं, “दादा, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जायचंय. मी गाडी बोलावते.” तो उठून बसला. “नको. हजेरी भत्ता जाईल. आणि बीपी लिहिलंत तर प्रेसवरून काढतील, हेल्परमध्ये टाकतील. तुम्ही मला काही विचारलंच नाही असं समजा. तुमच्या पाया पडतो सिस्टर, लिहू नका.” मी अर्धा तास हुज्जत घातली. त्याने दुसऱ्या दिवशी स्वतः डॉक्टरांकडे जाईन असा शब्द दिला. मी लिहिलं नाही. पेन्सिलनेही नाही.

तो डॉक्टरांकडे गेला नाही, कारण दुसऱ्या दिवशी जोडीदार गैरहजर होता आणि त्याला सलग दुसरी पाळी करावी लागली. अकरा दिवसांनी, सुट्टीच्या सकाळी, घरीच त्याची उजवी बाजू गेली. भरपाईची बोलणी झाली तेव्हा माझी वही मागवली गेली. साहेबांनी पानं उलटली आणि म्हणाले, यांची तर कधी काही तक्रारच नाही. मी तिथे उभी राहून सांगितलं, सगळं सांगितलं. पण वहीत काहीच नव्हतं.

मध्यंतरी त्याच्या घरी जाऊन आले. वाचा बरीच परतली आहे, शब्द सावकाश येतात. उजव्या हाताची बोटं मात्र मिटलेलीच. मी विचारलं, त्या रात्रीचं आता लिहिलं तर चालेल का? तो थोडा वेळ थांबला आणि म्हणाला, “नाव नको. बाकी लिहा.”

वेळ: पहाटे ३ वाजून ४० मिनिटं. विभाग: प्रेस शॉप. तक्रार: डोकं जड, डोळ्यांपुढे काजवे. रक्तदाब १८४/११२, पाच मिनिटांनी पुन्हा तेवढाच. दिलेलं औषध: काही नाही. समासात: तिसरी पाळी, सलग नववी रात्र, सुट्टी न घेता. महिन्याचा शेवटचा आठवडा. खाटेवर असतानाही स्वतःच्या मशीनचे ठोके मोजत होता. सही: घेतली नाही.